इको झाला, अँजिओग्राफी नॉर्मल आली, मग हृदयाचा एमआरआय कशाला?

तुम्ही लिहिलंय की आईचं वय ५२, इकोत पंपिंग ३५ टक्के, अँजिओग्राफीत ब्लॉकेज नाही आणि आता डॉक्टर एमआरआय सांगतायत. हा पैसे उकळायचा प्रकार तर नाही ना, असंही विचारलंय. मी डॉक्टर नाही, एमआरआय टेक्निशियन आहे. हृदयाचे स्कॅन करणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे औषधांबद्दल बोलणार नाही, पण माझ्या मते तुमच्या आईला ही तपासणी अगदी योग्य वेळी सांगितली आहे.

इकोत हृदय किती फुगलंय, किती जोराने आकुंचन पावतंय, झडपा कशा आहेत हे कळतं. अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या कळतात. वाहिन्या साफ आणि तरी पंपिंग कमी, म्हणजे संशय स्नायूवरच जातो. तो कशाने बिघडला? विषाणूची सूज येऊन गेली, घराण्यातून आलेला आजार आहे की सारकॉइडोसिस (शरीरात ठिकठिकाणी सुजेच्या बारीक गाठी होणारा आजार)? इकोत यातली बरीच हृदयं सारखीच दिसतात: मोठी आणि मंद.

एमआरआयमध्ये आम्ही शिरेतून गॅडोलिनियमचं, म्हणजे फोटोत फरक उठून दिसावा म्हणून वापरायच्या औषधाचं, इंजेक्शन देतो आणि दहा-पंधरा मिनिटं थांबतो. निरोगी स्नायूतून ते बाहेर पडतं, डाग असलेल्या, म्हणजे स्नायू खराब होऊन व्रण राहिलेल्या जागी रेंगाळतं. मग फोटो असा घ्यायचा की निरोगी स्नायू काळाकुट्ट आणि डाग पांढरा दिसेल. खरं निदान आहे ते हा पांढरा पट्टा कुठे बसलाय त्यात. हार्ट अटॅकचा डाग आतल्या थरापासून सुरू होऊन बाहेर सरकतो, कारण रक्त कमी पडलं की आधी आतला थर मरतो. मायोकार्डायटिसचा, म्हणजे हृदयाच्या स्नायूला आलेल्या सुजेचा डाग बहुधा उलटा, बाहेरच्या थरात, डावीकडच्या भिंतीत. डायलेटेड कार्डिओमायोपॅथीत, म्हणजे स्नायूच्या आजाराने हृदय फुगून कमजोर होतं त्यात, काही जणांना दोन कप्प्यांमधल्या पडद्यात मधोमध पांढरी रेघ दिसते. ही रेघ महत्त्वाची. लंडनमध्ये डायलेटेड कार्डिओमायोपॅथीच्या ४७२ पेशंटांवर झालेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. रेघ असलेल्यांना अचानक मृत्यूचा आणि हृदयाच्या घातक अनियमित ठोक्यांचा धोका जास्त निघाला, आणि तो नुसत्या पंपिंगच्या आकड्यावरून कळण्यासारखा नव्हता. आयसीडी (ठोके घातक झाले तर आतूनच शॉक देणारं यंत्र) बसवायचं की नाही, हे ठरवताना डॉक्टर म्हणून याकडेही बघतात.

आणि हो, अँजिओग्राफी साफ असूनही कधीकधी चक्क अटॅकचाच डाग सापडतो. गुठळी आली, नुकसान करून विरघळून गेली.

जाड झालेल्या हृदयाची गोष्ट वेगळी, पण ती मला सगळ्यात आवडते. निरोगी स्नायू नेमका कुठल्या क्षणी काळा पडतो हे शोधायला मी एकाच छेदाचे, वेळ जराजरा बदलत, ओळीने फोटो काढते. एरवी आधी रक्त काळं पडतं, मग स्नायू. अमायलॉइड (स्नायूत साचणारं एक विकृत प्रथिन) असेल तर क्रम उलटतो, स्नायू रक्ताच्या आधीच काळा पडतो. रिपोर्ट लिहायच्या आधीच, कन्सोलवर बसल्याबसल्या शंका येते.

सगळंच एमआरआयवर मिटत नाही. सारकॉइडोसिस आणि टीबी यांचे डाग सारखे दिसू शकतात, आणि आपल्याकडे टीबी काही दुर्मिळ नाही. तिथे पुढे पेट स्कॅन, छातीतल्या गाठीची बायोप्सी असं करावं लागतं.

आता आईच्या तयारीचं. स्कॅनला पाऊण ते एक तास लागतो. यात एक्स-रेसारखा किरणोत्सर्ग नसतो, पण आवाज मोठा आणि जागा अरुंद. बंद जागेची भीती असेल तर आधीच सांगा. दर थोड्या वेळाने माइकवरून सूचना येते: "श्वास घ्या, सोडा, आता थांबा." श्वास सोडून थांबायचं, कारण सोडल्यावर छातीचा पडदा जवळपास दरवेळी त्याच जागी येतो. घेऊन थांबलं की हृदय दरवेळी थोडं इकडेतिकडे आणि फोटो फिसकटतात. घरी आडवं झोपवून दहा-बारा सेकंदांचा सराव करून घ्या. सपाट झोपल्यावर दम लागत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. गरज वाटली तर ते लघवीच्या गोळ्या वाढवून स्कॅन थोडे दिवस पुढे ढकलतील. क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट लागतो, कारण किडनी फारच कमजोर असेल तर गॅडोलिनियमचा विचार जपून करावा लागतो. पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड आणा.

सेंटर निवडताना मशीन किती टेस्लाचं, म्हणजे त्याचं चुंबक किती ताकदीचं, हे विचारू नका, दीड टेस्ला पुरतं. "हार्टचे एमआरआय तुमच्याकडे नियमित होतात का आणि रिपोर्ट कोण देतं?" एवढं विचारा. मशीन चांगलं पण हार्ट वर्षातून दोनदा, अशा ठिकाणी पैसे खरंच वाया जातात. रिपोर्टबरोबर सीडी मागून घ्या.

घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, कुणाला पेसमेकर असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. आजार आनुवंशिक वाटला तर ते तुमचा आणि तुमच्या भावंडांचाही ईसीजी, इको करायला सांगतील. तो टाळू नका.