वाचकांचे प्रश्न : आकाश पांढरं, जमीन काळी – कोणता ग्रॅज्युएटेड फिल्टर घ्यावा?

प्रश्न : सूर्यास्ताच्या वेळी जमिनीप्रमाणे एक्स्पोजर ठेवलं की आकाश पांढरं पडतं, आकाशाप्रमाणे ठेवलं की जमीन काळी होते. एकच ग्रॅज्युएटेड एनडी फिल्टर (वरचा भाग गडद, खालचा पारदर्शक) घेणं परवडेल. ०.३, ०.६, ०.९ आणि हार्ड, सॉफ्ट यांतला कोणता घेऊ? कॅमेरा एपीएस-सी (छोट्या सेन्सरचा), लेन्स १८-५५ मिमी.

उत्तर : ०.३ म्हणजे एक स्टॉप, ०.६ म्हणजे दोन, ०.९ म्हणजे तीन. दर स्टॉपला उजेड निम्मा होतो. हार्डमध्ये गडद भाग एकदम संपतो, सॉफ्टमध्ये हळूहळू. कोणता लागेल ते अंदाजाने ठरवू नका, मोजा. मॅन्युअल मोडवर आयएसओ १०० आणि एफ/११ कायम ठेवा. स्पॉट मीटरने (फ्रेममधल्या छोट्या भागाचाच उजेड मोजणाऱ्या) आधी जमीन मोजा, मग सूर्य टाळून आकाश. जमिनीला १/८ आणि आकाशाला १/१२५ सेकंद आलं, तर फरक चार स्टॉपचा. तिथे तीन स्टॉपचा फिल्टर लावायचा. एक स्टॉप मुद्दाम शिल्लक ठेवायचा, कारण आकाश जमिनीपेक्षा थोडं उजळच असतं. पाणी असेल तर हे फार महत्त्वाचं. प्रतिबिंब आकाशापेक्षा उजळ दिसलं की फोटो खोटा वाटतो, मग बघणाऱ्याला कारण सांगता येवो न येवो.

एकच घ्यायचा तर ०.९ सॉफ्ट घ्या. डोंगर, झाडं, इमारती क्षितिजरेषेच्या वर येतात. हार्ड फिल्टर त्यांचे शेंडे काळे करतो. शिवाय सॉफ्टची छटा हळूहळू गडद होत जाते आणि छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात फिल्टरचा मधलाच भाग येतो. त्यामुळे पूर्ण ताकद बहुतेकदा फ्रेममध्ये उतरतच नाही, ०.६ सॉफ्ट अनेकदा कमीच पडतो. ५५ मिमीला तर छटेचा पट्टा जवळजवळ सगळी फ्रेम व्यापतो आणि सॉफ्ट फिल्टर सगळी फ्रेम गडद करणाऱ्या साध्या एनडीसारखा वागू लागतो. लांब लेन्सवर म्हणूनच हार्ड बरा. समुद्राच्या सरळ क्षितिजालाही हार्डच. रिव्हर्स फिल्टर क्षितिजापाशी सर्वांत गडद असतो. सूर्य अगदी टेकलेला असतानाच त्याचा उपयोग, म्हणून पहिल्या खरेदीत नको.

लावताना : जमिनीचं एक्स्पोजर फिल्टरशिवाय घेऊन कायम करा, मग फिल्टर सरकवा. लाइव्ह व्ह्यू चालू ठेवून, डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण (ते लेन्सचं अ‍ॅपर्चर, म्हणजे छिद्र, फोटोसाठी ठरवलेल्या मापाचं करतं) दाबून फिल्टर सावकाश वर-खाली करा. गडद भाग संपतो ती रेषा थांबलेली असताना दिसत नाही, हलताना लगेच कळते. बटण दाबायचं कारण असं की उघड्या अ‍ॅपर्चरला ती पसरट दिसते आणि एफ/१६ ला ठसठशीत होते. खाली गेली तर जमिनीवर काळा पट्टा येतो, वर राहिली तर क्षितिजालगत उजळ पट्टी उरते.

प्रश्न : स्क्रूचा गोल फिल्टर स्वस्त पडतो. चालेल का?

उत्तर : नको. त्याची रेषा बरोबर मध्यावर पक्की असते, म्हणजे प्रत्येक फोटोत क्षितिज मधोमध ठेवावं लागणार. १०० × १५० मिमीचा चौकोनी फिल्टर, तो धरणारा होल्डर आणि लेन्सच्या मापाची अडॅप्टर रिंग घ्या. लेन्स बदलली तर फक्त रिंग बदलते. वाइड लेन्सवर होल्डरचे कोपरे फ्रेममध्ये आले, तर जास्तीचे स्लॉट (फिल्टर सरकवायच्या खाचा) काढून टाका. फिल्टर लेन्सच्या सर्वांत जवळच्या स्लॉटमध्येच बसवा. फटीतून मागचा उजेड शिरला की फिल्टरच्या मागच्या बाजूवर चमक येते आणि फोटो धुरकट होतो. रेझिनच्या (प्लास्टिकच्या) फिल्टरवर ओरखडे लवकर पडतात, काच पडली की फुटते. कडेकपारीत फिरणार असाल तर रेझिन घ्या आणि पुसण्याआधी ब्लोअरने धूळ उडवा.