शाळेची इमारत आधुनिक केल्याने मुलांचा अभ्यास खरंच सुधारतो का?

ठाण्यातल्या तुमच्या जुन्या शाळेला माजी विद्यार्थी देणगी देतायत आणि समितीत आधी स्मार्ट बोर्ड की आधी डागडुजी असा वाद चाललाय, असं तुम्ही लिहिलंय. मी ठाणे-कळवा भागात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करतो, त्यात शाळाही असतात. माझं मत विचाराल तर बोर्ड सगळ्यात शेवटी.

इमारतीने फरक पडतो, यात शंका नाही. इंग्लंडच्या सॅलफर्ड विद्यापीठाने १५३ वर्गखोल्या तपासल्या. मुलांच्या वर्षभराच्या प्रगतीत जो कमी-जास्तपणा दिसला, त्यातला सुमारे १६ टक्के वर्गखोलीमुळे होता, असं त्यांच्या २०१५ च्या अहवालात आहे. त्यातही जवळपास निम्मा वाटा उजेड, हवा आणि तापमानाचा.

आता आपल्याकडचा वरचा मजला बघा. एप्रिलमध्ये स्लॅब सकाळपासून तापत राहतो आणि दुपारच्या अधिवेशनातल्या मुलांच्या डोक्यावर ती सगळी धग उतरते. पंखा तीच गरम हवा खाली ढकलतो. अमेरिकेत लाखो विद्यार्थ्यांच्या गुणांवरून २०२० मध्ये असं दिसलं, की एसी नसलेल्या शाळेत एखादं वर्ष १ अंश फॅरनहाइटने जास्त गरम गेलं तर त्या वर्षीचं शिकणं साधारण १ टक्क्याने घटतं. एसीचं बिल तुमच्या समितीला झेपणार नाही, ते सोडा. गच्चीवरचा तडकलेला कोबा (पाणी अडवणारा विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर) काढून नीट वॉटरप्रूफिंग करा आणि वर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी, बसवा. पावसाळ्यातली गळती थांबते आणि उन्हाळ्यात ऊनही परावर्तित होतं. देणगीदाराला गच्चीवर फीत कापायची नसते, हीच काय ती अडचण!

दुसरा मुद्दा आवाजाचा, याकडे कोणी बघतच नाही. रिकाम्या वर्गात उभं राहून एक टाळी वाजवा. ती घुमत राहिली तर मागच्या बाकावर बाईंचा अर्धाच शब्द पोचतोय असं समजा. खाली कोटा फरशी, वर स्लॅब, चहूबाजूंनी सिमेंटचं प्लास्टर, आवाज शोषायला काही नाहीच. मागच्या भिंतीवर सलग सॉफ्टबोर्ड लावा, मुलांची चित्रंही त्यावरच लावता येतील. रिकाम्या वर्गात ३५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज नको, असं अमेरिकन मानक सांगतं. घोडबंदर रोडलगत खिडक्या उघड्या ठेवून ते शक्य नाही. पण ऑफिस आणि स्टाफरूम रस्त्याच्या बाजूला आणून वर्ग मागे नेता येतात, त्याला सिमेंटची एक गोणीही लागत नाही.

आणि तो बोर्ड. एका शाळेत बोर्डावर खिडकीची चमक येते म्हणून जाड पडदे लावले. पडदे उडतात म्हणून तावदानं बंद झाली. आता भर दुपारी ट्यूबलाइट लावून पन्नासेक मुलं कोंदट हवेत बसतात आणि तिसऱ्या तासाला जांभया देतात. होता तो उजेड आणि वाराही गेला. बसवायचाच असेल तर खिडकीसमोरची भिंत टाळा. खिडक्या मुलांच्या डाव्या हाताला असाव्यात, म्हणजे उजव्या हाताने लिहिणाऱ्याची सावली वहीवर पडत नाही. जुन्या शाळा बांधणाऱ्यांना हे ठाऊक होतं.

स्वच्छतागृहांचं मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. संशोधक अंजली अदुकिया यांनी भारतातल्या शाळांमध्ये बांधलेल्या शौचालयांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. पट वाढला, वयात आलेल्या मुलींचा तर प्रामुख्याने स्वतंत्र शौचालय असेल तिथेच. परीक्षेतले गुण मात्र वाढले नाहीत. तरी मी तो खर्च बोर्डाच्या आधी करेन. जी मुलगी घरी जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणीच पीत नाही, तिला बोर्डावर काय दाखवणार?

इमारत ३० वर्षांच्या पुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, कायद्यानेच लागतं, ते रंगरंगोटीच्या आधी उरका. स्लॅबचं प्लास्टर फुगून सळई दिसत असेल तर देणगीतला मोठा भाग तिथेच जाईल, हे देणगीदारांना आताच सांगा. गच्चीच्या कामाला मे महिना एवढाच वेळ मिळतो, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो. कोटेशनं फेब्रुवारीतच मागवा, नंतर चांगले कंत्राटदार सोसायट्यांच्या गच्च्यांवर अडकलेले असतात.