जुना टार्किन शोधू नकोस

नाशकात गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात ‘स्टार वॉर्स’ सिनेमातल्या टार्किन या खलनायक अधिकाऱ्याचा जुना बाहुला मिळेल म्हणून चकरा मारतोयस, त्या थांबव. हे बाहुले काढणाऱ्या केनर या खेळण्यांच्या कंपनीने १९७८ ते १९८५ मध्ये तो काढलाच नाही. पहिला आला १९९७ साली. पण त्या जुन्या काळात पॉवर ड्रॉइड हा यंत्रमानव मात्र काढला, म्हणजे नुसती पाय असलेली पेटी! पोलादी साचा महाग, ढिगाने नग खपले तरच परवडतो. पोरांना हवेत राक्षस नाहीतर यंत्रमानव. नुसते हुकूम सोडणाऱ्या म्हाताऱ्याशी खेळणार कोण?

मीही फसलोय. ‘एकदम जुनं’ म्हणून घेतलेल्या बाहुल्याचा पाय नखाने खरवडला, तर ताजा रंग निघाला. तू आधी पायामागे कोरलेलं साल वाच, भिंग घेऊन. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.