केमो सोमवारपासून, मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतरचा

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, मी डिचोलीचा, वय 28, अंघोळ करताना डाव्या बाजूला गाठ हाताला लागली होती पण दुखत काहीच नव्हती म्हणून म्हटलं चवथ होऊन जाऊ दे आणि तिथेच चुकलो. आता ऑपरेशन करून डावं टेस्टिस (वृषण) काढलंय, रिपोर्ट कॅन्सरचा आला आणि सोमवारपासून केमो आहे, तीन सायकल, बीईपी म्हणतात ती, तीन औषधांची. साखरपुडा झालाय, मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतरचा. मूल होईल का हे डॉक्टरांना विचारायचं होतं पण आई बाजूला बसलेली, तोंडच उघडलं नाही. दाढी-आवाज जातो का? जिमवाला मित्र म्हणतो टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन मार, सगळं नीट होईल. मुलीकडच्यांना सांगू का?

उत्तर : पत्र गुरुवारी हाती आलं आणि केमो सोमवारी, अंक छापून यायची वाट बघितली असती तर झालंच असतं कल्याण, म्हणून तुम्हाला आधी फोन केला. तेच बोलणं आता इथे देतेय, कारण अशी पत्रं मला येतात ती बहुतेक केमो संपल्यावर येतात.

सोमवारच्या आधी वीर्य फ्रीझ करून ठेवा. याला स्पर्म बँकिंग म्हणतात, नमुना लिक्विड नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर राहतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. एक-दोन दिवसांच्या अंतराने दोन-तीन नमुने जमले तर उत्तम, नाहीतर एक तरी. या कॅन्सरमध्ये शुक्राणूंचा काउंट बऱ्याचदा आधीपासूनच कमी असतो, रिपोर्ट बघून हबकू नका, इक्सी नावाच्या तंत्रात लॅबमध्ये एकेका स्त्रीबीजात एकच शुक्राणू सुईने सोडतात, त्यामुळे थोडेसेही कामाला येतात. आधी एचआयव्ही आणि हेपटायटिस बी, सीची रक्ततपासणी होते, एक फॉर्म असतो, तो नीट वाचून सही करा, वर्षाचं भाडंही विचारून घ्या.

नमुना शक्यतो सेंटरवरच द्या. तुम्ही म्हणालात तिथे लाज वाटते, घरून आणतो. आणा, पण सेंटरने दिलेल्या डबीतच, झाकण घट्ट लावून शर्टच्या आत अंगाला लागून ठेवायची, अंगाची ऊब राहिली पाहिजे, बर्फ-बिर्फ अजिबात नाही, आणि तासाभरात लॅबमध्ये पोचली पाहिजे. डिचोलीहून पणजीला येताना पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात तर तास तिथेच संपतो, त्यापेक्षा दहा मिनिटांची लाज परवडली.

आता दाढी-आवाजाचं. टेस्टिसमध्ये दोन वेगळी खाती चालतात. एक शुक्राणू बनवतं, तिथल्या पेशी सतत विभागत असतात, एक बॅच तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात. केमो भराभर विभागणाऱ्या पेशींवरच घाव घालते, डोक्यावरचे केस जातात तेही त्याचमुळे. दुसरं खातं टेस्टोस्टेरॉनचं, त्या पेशी फारशा विभागत नाहीत म्हणून बऱ्यापैकी तग धरतात आणि उरलेलं एक टेस्टिस दोघांचं काम सहसा ओढून नेतं. म्हणजे मूल होणं आणि पुरुषपण ही एकच गोष्ट नाही, आपल्याकडे मात्र दोन्हींची गाठ मारून ठेवलीय. काहींचं टेस्टोस्टेरॉन पुढे कमी होतं, कधी कधी काही वर्षांनी. सतत थकवा, इच्छा कमी, मूड गेलेला असं वाटलं तर सकाळी उपाशीपोटी टेस्टोस्टेरॉनच्या तपासणीसाठी रक्त द्या, एफएसएच आणि एलएच या टेस्टिसला हुकूम देणाऱ्या हार्मोन्ससकट. संध्याकाळचा आकडा फसवतो.

बीईपीने केमोच्या काळात काउंट जवळजवळ शून्यावर येतो, पण तीन सायकलनंतर बहुतेकांचा एक ते पाच वर्षांत परततो. लिम्फोमातली (लसिकाग्रंथींच्या कॅन्सरमधली) काही औषधं किंवा बोनमॅरो ट्रान्सप्लांटच्या आधीची केमो याहून खूप जड. पण ‘बहुतेकांचा’ या शब्दावर संसार उभा करू नका. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगला 1996मध्ये हाच कॅन्सर झाला, पार मेंदूपर्यंत पसरलेला, त्याने केमोआधी वीर्य साठवलं आणि पहिली तीन मुलं त्यातून आयव्हीएफने (टेस्टट्यूब पद्धतीने) झाली. पुढे 2009 आणि 2010मध्ये आणखी दोन झाली ती नैसर्गिकरीत्या, म्हणजे काउंट परत आला होता. डोपिंगमुळे त्याची टूर द फ्रान्सची सातही जेतेपदं गेली ती वेगळी भानगड.

मित्राचं इंजेक्शन मात्र नकोच, आणि हे ठासून सांगतेय. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं माल भरपूर आहे, तो टेस्टिसला हुकूम देणं थांबवतो आणि उरलासुरला काउंटही झोपतो.

केमो चालू असताना आणि संपल्यावरही कंडोम वापरायचा, शुक्राणूंच्या डीएनएला धक्का बसलेला असतो. मुलासाठी किमान सहा महिने थांबा, बरेच डॉक्टर एक ते दोन वर्षं सांगतात. तीन सायकल म्हणजे नऊ आठवडे, तेव्हा मुहूर्त पुढे ढकलावा लागणारच आणि कारण तर सांगावंच लागेल. आधी तिला एकटीला सांगा, तिच्या बाबा-काकांना नंतर. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे आईला दोन मिनिटं बाहेर बसायला सांगा, ती काही रुसणार नाही.

प्रश्न : वय 69, वास्को. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी दर तीन महिन्यांनी इंजेक्शन आहे. रात्री अचानक अंगाची आग होते, घामाने बनियन भिजतं. बायको म्हणते, आता कळलं माझं दुखणं. थांबवू का?

उत्तर : थांबवू नका. प्रोस्टेटचा कॅन्सर टेस्टोस्टेरॉनवर पोसतो, इंजेक्शन तेच तोडतं, म्हणून वहिनींना पाळी जाताना झालं तेच तुम्हाला होतंय. सुती कपडे घाला, रात्रीचा चहा आणि पेग कमी करा, फारच त्रास झाला तर औषधं आहेत, डॉक्टरांना विचारा. यात हाडं मात्र गुपचूप ठिसूळ होतात, तेव्हा डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा) आणि व्हिटॅमिन डीची तपासणी करून घ्या आणि रोज बायणाच्या किनाऱ्यावर चालायला जा, वहिनींना घेऊन.