स्मरणिकेचा लेख ‘फुलवायचा’ म्हणजे अलंकार घालायचे का?

डिचोलीहून तुम्ही विचारलंय की, देवस्थानच्या स्मरणिकेला जत्रेतल्या नाटकावर लेख दिला, संपादकांनी ‘जरा फुलवा’ म्हणून परत पाठवला, आता अलंकार कुठे घालू? सोबतचा परिच्छेद वाचला. माझं ऐकाल तर अलंकारांना इतक्यात हात लावू नका. आधी वाक्यं बघा.

‘पडदा उघडला. नांदी झाली. लोक गप्प झाले.’ सगळी एकाच मापाची. केवल वाक्य म्हणजे आखूड वाक्य, हा शाळेपासूनचा गैरसमज. त्यात मुख्य क्रियापद एकच लागतं, धातुसाधितं (‘जाऊन’, ‘संपताच’ अशी क्रियापदापासून झालेली रूपं) हवी तेवढी घ्या. ‘अंक संपताच बाहेर जाऊन, चहा घेऊन, खाज्याचा पुडा सांभाळत आजोबा पुन्हा पहिल्या रांगेत बसले’ हेही केवल वाक्यच. त्याच्यामागून ‘पडदा उघडला’ येऊ द्या, मग त्या दोन शब्दांना वजन येतं.

मिश्र वाक्यात, म्हणजे मुख्य वाक्याला गौण वाक्य जोडता तिथे, तुमची गाडी उलटी जाते. ‘नाटकात गावचीच मुलं असतात, जी मुंबईहून येतात’ ही इंग्रजी शेपटी झाली. आपल्याकडे ‘जे’ आधी, ‘ते’ मागून: ‘जी मुलं नोकरीसाठी मुंबईला गेली, तीही भूमिका करायला गावी येतात.’

‘प्रत्येक घरातल्या कोणी ना कोणी काम केलं आहे’ हे विधान मिळमिळीत वाटतं. दोन नकार लावून बघा: ‘ज्या घरातल्या कुणीच तोंडाला रंग लावला नाही, असं घर वाड्यावर सापडायचं नाही.’ ‘नाटकाशिवाय जत्रा होते का?’ हा प्रश्नही नकारच सांगतो, आणि छान सांगतो. पण तुम्ही असे तीन प्रश्न ओळीने विचारलेत. तिथे सरपंचांचं भाषण सुरू होतं! एक ठेवा.

आता अलंकार. ‘टाळ्यांचा सागर’ आणि पहारेकऱ्यांसारखे माड काढून टाका. गोव्यावरच्या निम्म्या लेखांत ते असतात. पाठांतर नसलेल्या नायकावर तुम्ही अख्खा परिच्छेद चिडलात, तिथे मात्र व्याजस्तुती हवीच: ‘आमचा नायक इतका नम्र, की प्रॉम्प्टरच्या आधी एक शब्द बोलत नसे.’ वरून स्तुती, आतून निंदा. जत्रेच्या लेखात कुणाला बोचणार नाही आणि ज्याला कळायचं त्याला कळेल.

संपादक तरीही अडले तर संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मट पुढे करा. 11व्या शतकातल्या ‘काव्यप्रकाशा’त काव्याची व्याख्या करताना त्याने ‘अनलङ्कृती पुनः क्वापि’ म्हटलंय, म्हणजे क्वचित अलंकार नसला तरी चालेल. काव्याला सूट आहे, तर स्मरणिकेला का नसावी?

आणि रंगपटातले कोंकणी संवाद मराठीत करू नका. ‘मिशी खंय गेली रे?’ तसंच राहू द्या, डिचोलीत कुणाला अर्थ सांगावा लागणार नाही.