छोट्या कॉलेज बास्केटबॉल कॉन्फरन्सने आपली स्पर्धा तटस्थ शहरात घ्यावी की संघांच्या घरच्या मैदानावर?

छोट्या कॉन्फरन्सने (म्हणजे आपसांत खेळणाऱ्या अमेरिकी कॉलेज संघांच्या गटाने) हंगामाअखेरच्या स्पर्धेचे सामने वरच्या मानांकनाच्या संघाच्या घरच्या मैदानावरच घ्यावेत, असे माझे मत आहे. अशा कॉन्फरन्समधून एनसीएएच्या (अमेरिकेतील कॉलेज क्रीडा संघटनेच्या) राष्ट्रीय स्पर्धेत बहुधा एकच संघ जातो आणि तो कॉन्फरन्सच्या स्पर्धेचा विजेता असतो. त्यामुळे हंगामभर सर्वोत्तम खेळलेल्या संघाला थोडे संरक्षण मिळणे सर्वांच्याच हिताचे ठरते, शिवाय प्रेक्षागृहही भरलेले राहते. पॅट्रियट लीग ही कॉन्फरन्स हीच पद्धत वापरते. तटस्थ मैदानच हवे असेल, तर वेस्ट कोस्ट कॉन्फरन्सप्रमाणे शिडीची रचना करावी: तिचे सामने 2009 पासून लास व्हेगासमध्ये होतात आणि पहिले दोन मानांकित संघ थेट उपांत्य फेरीत उतरतात. यजमानपद आळीपाळीने फिरवण्याचा आयव्ही लीगचा मार्ग मात्र मला फसवा वाटतो, कारण यजमान अव्वल असेलच असे नाही; 2023 मध्ये अव्वल मानांकित येलला अंतिम सामना प्रिन्स्टनविरुद्ध प्रिन्स्टनच्याच मैदानावर खेळावा लागला आणि येल हरले. अर्थात, हा सल्ला मोठ्या कॉन्फरन्सला लागू नाही: बिग ईस्टची स्पर्धा 1983 पासून न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होते आणि ते स्थळच तिचे मुख्य आकर्षण आहे.