जलविद्युत केंद्रात नोकरी हवी असेल तर

ठाण्यात राहून जलविद्युतचा विचार करताना फक्त कोयनेकडे पाहू नकोस. शहापूर तालुक्यात भातसा (15 मेगावॅट) आणि घाटघर उदंचन, म्हणजे खालचं पाणी पुन्हा वर चढवून वापरणारं केंद्र (125 मेगावॅटचे 2 संच), आहेत. खोपोली, भिवपुरी, भिरा ही केंद्रंही फार लांब नाहीत. पण रोज लोकलने ये-जा जमेल असं समजू नकोस, पाळी रात्रीचीही असते.

आयटीआय इलेक्ट्रिशियन किंवा फिटर झाल्यावर अ‍ॅप्रेंटिसशिप कर. ते विद्यावेतन, पगार नव्हे. कंत्राटदाराकडे लागलास तर हातात किती पडतात एवढंच विचारू नकोस. मूळ वेतन अधिक महागाई भत्ता किती ते विचार, कारण पीएफचे 12 टक्के त्यावर कापतात. मूळ कमी दाखवून बाकी भत्त्यांत घातलं की पीएफ आणि ग्रॅच्युइटी दोन्हीत मार बसू शकतो.

मुलाखतीत हमखास येणारं: 50 हर्ट्झवर मिनिटाला 500 फेऱ्यांच्या जनित्राला पोल (चुंबकीय ध्रुव) किती? 120 गुणिले 50 म्हणजे 6000, भागिले 500, म्हणजे 12.

मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजायचं उपकरण, नीट शीक. एका मिनिटाचं आणि दहा मिनिटांचं रीडिंग घे, दुसऱ्याला पहिल्याने भाग. उत्तर 2 च्या खाली आलं तर वाइंडिंग (जनित्रातली तारांची गुंडाळी) दमट किंवा मळलेलं असू शकतं. पावसाळ्यात बंद राहिलेल्या संचात हे नेहमीचंच. चाचणीनंतर वाइंडिंग जमिनीला जोडल्याशिवाय (अर्थिंग) हात लावायचा नाही.

बेअरिंगचं तापमान हळूहळू चढतंय? आधी शीतजलाचा (थंड करणाऱ्या पाण्याचा) स्ट्रेनर, म्हणजे गाळणी, उघडून बघ. बहुतेक वेळा पालापाचोळाच निघतो.